घरोघरचं आरोग्य सर्वेक्षण: मराठवाड्यातल्या गावांत कसं करावं आणि कुठे फसतं

प्रश्नावली छापून आली की सर्वेक्षण सुरू झालं, असं समजून बऱ्याच संस्था आणि महाविद्यालयं कामाला लागतात. निम्म्या चुका तोवर होऊन गेलेल्या असतात. उरलेल्यातल्या बऱ्याचशा, सर्वेक्षकानं विचारलेला प्रश्न आणि समोरच्यानं ऐकलेला प्रश्न वेगळा असल्यामुळे होतात. म्हणून पुढचा क्रम मोडू नका. टप्पा ४ आधी आणि टप्पा ३ नंतर, असं केलं तर आकडे मिळतील, पण ते कोणाचे ते सांगता येणार नाही.

उदाहरणासाठी एक तालुका, १८ वर्षांवरील माणसं, सहा सर्वेक्षक आणि दोन पर्यवेक्षक धरले आहेत.

## टप्पा १: शेवटचा तक्ता आधी काढा

कोऱ्या कागदावर अहवालातले तक्ते आखा, फक्त आकडे रिकामे ठेवा. "मागच्या १५ दिवसांत आजारी पडलेल्यांपैकी किती जणांनी उपचार घेतला, कुठे घेतला, खर्च किती आला" हा एक तक्ता. "रक्तदाब १४०/९० किंवा जास्त, त्यांपैकी किती जणांना आधी माहीत होतं" हा दुसरा. जो प्रश्न कुठल्याच तक्त्यात बसत नाही तो काढून टाका. साठ प्रश्नांचे पस्तीस होतात. मुलाखत ३५ ते ४० मिनिटांपलीकडे गेली की माणसं लवकर सुटण्यासाठी "नाही, नाही" म्हणू लागतात.

आजार आणि आजाराचं निदान यांत इथेच फरक करा. "तुम्हाला बीपी आहे का?" या प्रश्नातून फार तर किती जणांचं निदान झालं ते कळतं. ज्या गावात तपासणीच होत नाही तिथे हा आकडा कमी येतो आणि ते गाव कागदावर निरोगी दिसतं. आजार मोजायचा असेल तर यंत्र लावावं लागेल.

## टप्पा २: महिना ठरवा

मराठवाड्यात ही गोष्ट नमुन्याच्या आकाराइतकीच महत्त्वाची आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीडमधून आणि शेजारच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या बाजूला जानेवारीत गेलात तर म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि कुलपं भेटतील. कष्टाचं काम करणारी, पाठ-कंबर-गर्भाशयाचे त्रास असणारी वयाची फळी नेमकी गावाबाहेर असते.

सोयीचे काळ दोन. टोळ्या परतल्यापासून मृगाच्या पेरणीपर्यंतचा एक, पण तेव्हा ऊन ४० अंशांवर असतं, त्यामुळे सकाळ-संध्याकाळच काम होईल. दुसरा पोळ्याच्या आसपासचा, खुरपणी उरकल्यावर आणि सोयाबीन काढणीच्या आधी.

इशारा: दोन वर्षांची तुलना करायची असेल तर दोन्ही वेळा तोच महिना हवा. टँकरच्या दिवसांतली हगवण आणि हिवाळ्यातली हगवण यांची तुलना करून कार्यक्रम यशस्वी ठरवता येत नाही.

## टप्पा ३: किती माणसं, किती गावं

एखादी गोष्ट किती टक्के लोकांत आहे हे ५ टक्के मागेपुढे अचूकतेनं आणि ९५ टक्के खात्रीनं सांगायचं असेल, आणि आधीचा अंदाज नसेल, तर प्रमाण ५० टक्के धरतात:

१.९६ × १.९६ × ०.५ × ०.५ ÷ (०.०५ × ०.०५) = सुमारे ३८४

बरेच जण इथेच थांबतात. हे ३८४ तालुकाभरातून चिठ्ठ्या टाकून सुटी सुटी माणसं काढली तर चालतात. आपण मात्र गावं निवडून प्रत्येक गावात बरीच घरं घेतो. एका गावचं पाणी एक, दवाखाना एक, त्यामुळे उत्तरंही एकमेकांसारखी येतात. म्हणून १.५ नं गुणा: ५७६. दहा टक्के माणसं भेटणार नाहीत किंवा नकार देतील म्हणून ०.९ नं भागा: ६४०. तीस गावं घेतली तर प्रत्येकी २२ घरं, एकूण ६६०. एका सर्वेक्षकाच्या दिवसाला पाच चांगल्या मुलाखती होतात. सहा जणांच्या तीस, म्हणजे प्रत्यक्ष फिरण्याचे २२ दिवस. "दिवसाला पंधरा" असं कोणी सांगत असेल तर तो पारावर बसून भरतो आहे.

गावं आणि माणसं यांत निवड करायची वेळ आली तर गावं वाढवा. दहा गावांत ६६ घरं घेण्यापेक्षा तीस गावांत २२ घरं घेतलेली कितीतरी बरी.

गावांची निवड लोकसंख्येच्या प्रमाणात करा. सगळ्या गावांची आणि शहरातल्या प्रभागांची यादी करून लोकसंख्येची चढती बेरीज मांडा, म्हणजे प्रत्येक गावाची लोकसंख्या आधीच्या बेरजेत मिळवत जा. समजा तालुक्याची बेरीज १,८०,००० आली; ३० नं भागल्यावर अंतर ६,००० निघतं. १ ते ६,००० मधली एक संख्या चिठ्ठीनं काढा. २,४१७ निघाली तर पुढची ८,४१७, मग १४,४१७, असं तीस वेळा. ती संख्या ज्या गावाच्या बेरजेत पडेल ते गाव घ्या. मोठं गाव दोनदा आलं तर त्यातून दोन वेगळे भाग घ्या, "दुसरं गाव घेऊ" म्हणू नका. जनगणनेचे २०११ चे आकडे जुने झालेत, त्यामुळे ताजी लोकसंख्या उपकेंद्रातून किंवा पंचायत समितीतून मिळवा. मात्र सगळ्या गावांसाठी एकच स्रोत वापरा.

## टप्पा ४: घर आणि माणूस निवडणं

सर्वाधिक घोळ या टप्प्यावर होतो. मारुतीच्या देवळापासून सुरू करून सरळ रस्त्यानं २२ घरं घ्यायची, ही पद्धत टाळा. त्यात गावठाणातली, रस्त्यालगतची, पक्की घरं येतात. तांडा, वेशीबाहेरची वस्ती आणि परभणी-हिंगोलीकडच्या आखाड्यावर (शेतातल्या घरात) राहणारी कुटुंबं सुटतात, आणि दवाखाना नेमका त्यांनाच सर्वांत लांब पडतो.

१. आशाताई आणि अंगणवाडी सेविकेला सोबत घेऊन गावाचा नकाशा काढा. गावठाण, वस्त्या, तांडे, आखाडे सगळं त्यात हवं. "आमच्या गावात एवढंच" म्हटल्यावर "रात्री दिवा कुठे कुठे लागतो?" असं विचारा.

२. गाव मोठं असेल तर साधारण शंभर घरांचे भाग पाडा आणि एक भाग चिठ्ठीनं काढा.

३. त्या भागातल्या प्रत्येक चुलीची यादी करा. एका दारात दोन चुली असतील तर ती दोन कुटुंबं. नुसत्या मतदार यादीवर किंवा रेशनकार्डावर विसंबू नका. वेगळं निघालेलं कुटुंब त्यांत दिसेलच असं नाही.

४. ११० कुटुंबं आणि २२ हवी असतील तर दर पाचवं घ्या. सुरुवात १ ते ५ मधल्या चिठ्ठीनं.

५. घरातल्या १८ वर्षांवरील सगळ्यांची नावं थोरल्यापासून धाकट्यापर्यंत लिहा आणि त्यांतून एक जण चिठ्ठीनं किंवा अ‍ॅपकडून निवडा. जो घरी सापडला त्याला विचारलं की नमुन्यात म्हातारे आणि गृहिणी भरतात.

निवडलेला माणूस नसेल तर तीन वेगळ्या वेळी जा. एकदा सकाळी आठच्या आत, एकदा रात्री सातनंतर, एकदा बाजाराच्या दिवशी. तरीही भेटला नाही तर "भेटले नाहीत" असं लिहा.

इशारा: शेजारचं घर बदली घेऊ नका. भेटणारी आणि न भेटणारी माणसं आरोग्यानंही सारखी नसतात. कुलूपबंद घराची नोंदही चार प्रकारे करा: ऊसतोडीला गेले, पुण्या-मुंबईला कायमचे गेले, शेतात आहेत, घर ओसाड आहे.

## टप्पा ५: प्रश्न गावच्या कानाला लावा

प्रश्नावली आधी भाषांतर करायची, मग ज्यानं मूळ पाहिलेलं नाही अशा दुसऱ्या माणसाकडून उलट भाषांतर करून घ्यायची, हा नियम ठाऊक असतो. पण उलट भाषांतर अचूक आलं म्हणजे प्रश्न समजला असं नाही. काही शब्द इकडे हमखास फसवतात.

"ऑपरेशन झालंय का?" याचं उत्तर बायका कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रियेबद्दल देतात. गर्भाशयाबद्दल विचारायचं असेल तर "पिशवी काढली आहे का?" असा वेगळा प्रश्न हवा. त्यापाठोपाठ कोणत्या वयात, कुठे आणि कोणत्या त्रासासाठी, हेही विचारा.

"अंगावरून जाणं" म्हणजे पांढरं किंवा लाल जाणं, पण "अंगावरून वारं गेलं" म्हणजे लकवा. नवख्या सर्वेक्षकानं यांची गल्लत केली की तक्त्यात लकव्याचे रुग्ण वाढतात.

"बीपी" हा शब्द बरेच जण जीव घाबरा होणं किंवा चक्कर यासाठी वापरतात. म्हणून "डॉक्टरनं किंवा सिस्टरनं पट्टा बांधून पाहून, तुमचं बीपी वाढलंय असं कधी सांगितलं का?" असं विचारा.

"व्यसन आहे का?" याला उत्तर "नाही". "मिश्री लावता का? तंबाखू मळता का? पुडी खाता का?" असं एकेक विचारा. मिश्री लावणाऱ्या बाईच्या लेखी ते व्यसन नसतंच, ते दात घासणं असतं.

"जुलाब" म्हणजे २४ तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ शौच, ही व्याख्या प्रश्नातच घाला. नाहीतर "लेकराचं पोट बिघडलं होतं" यात काहीही येतं.

रोजच्या कामातली अडचण मोजायला वॉशिंग्टन ग्रुप या आंतरराष्ट्रीय गटाचे सहा प्रश्न आहेत: पाहणं, ऐकणं, चालणं, लक्षात ठेवणं, स्वतःचं आवरणं, बोलून समजणं-समजावणं. उत्तरं चार: काहीच अडचण नाही, थोडी, खूप, अजिबात जमत नाही. यात "अपंग" किंवा "दिव्यांग" हा शब्द कुठेही आणायचा नाही. तो उच्चारला की गुडघे धरून बसलेल्या आजीसुद्धा "नाही बाई, मी धडधाकट आहे" म्हणतात.

शून्य ते दहा अशी मोजपट्टी न शिकलेल्या माणसाला अवघड जाते. अख्खी भाकरी, पाऊण, अर्धी, चतकोर आणि रिकामं ताट अशी पाच चित्रं दाखवली तर बोट लवकर पडतं. ती मोजपट्टीही आधी तपासूनच वापरा.

आठवणीचा काळ. किरकोळ आजार १५ दिवसांचे आणि रुग्णालयातली भरती ३६५ दिवसांची, असा काळ राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणातही वापरतात. तोच घ्या म्हणजे तुलना करता येते. "१५ दिवस" नुसतं म्हणू नका, "मागच्या दोन बाजारांपासून" म्हणा आणि त्या बाजाराची तारीख सर्वेक्षकाच्या कागदावर असू द्या. मोठे आजार लोक जवळ ओढून सांगतात. दीड वर्षापूर्वीचं बाळंतपण "गेल्या वर्षीच" होतं. म्हणून महिना किंवा सण विचारून खात्री करा. खर्चही एकत्र विचारू नका. फी, औषध, तपासणी, गाडीभाडं, बुडालेली मजुरी आणि काढलेलं कर्ज वेगवेगळं विचारलं की बेरीज बहुधा मोठीच येते.

वय. घटनांची यादी करा: पोलीस अ‍ॅक्शन (सप्टेंबर १९४८), १९७२ चा दुष्काळ, किल्लारीचा भूकंप (३० सप्टेंबर १९९३). "बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही खडी फोडायला जात होतात की कडेवर होतात?" यातून वय पाच वर्षांच्या आत सापडतं. आधारकार्डावरचं १ जानेवारी किंवा १ जून हे बहुतेक वेळा अंदाजानं टाकलेलं असतं.

देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उमरगा-उदगीरच्या सीमेला कन्नड, तांड्यांवर गोरमाटी, बऱ्याच मोहल्ल्यांत दखनी. सर्वेक्षकानं दारात उभं राहून मनानं भाषांतर करायचं नाही. अवघड प्रश्नांचं त्या त्या बोलीतलं वाक्य आधीच लिहून ठेवा.

## टप्पा ६: दोन चाचण्या

पहिली चाचणी आठ-दहा माणसांवर. प्रत्येक प्रश्नानंतर "हा प्रश्न तुमच्या शब्दांत सांगा" आणि "उत्तर देताना काय डोळ्यांपुढे आलं?" असं विचारा. तीन जणांनी तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर प्रश्न बदला. ही चाचणी नमुन्यात नसलेल्या गावात घ्या.

दुसरी चाचणी ३० जणांची. त्याच माणसांकडे सात ते दहा दिवसांनी दुसरा सर्वेक्षक पाठवा. जुळणी नुसत्या टक्क्यांत मोजली की फसगत होते. समजा दोन्ही वेळा "हो" म्हणणारे २, दोन्ही वेळा "नाही" म्हणणारे २५ आणि बदललेले ३. जुळणी ९० टक्के दिसते. पण बहुतेक जण "नाही"च म्हणतात म्हटल्यावर निव्वळ योगायोगानंही ७९ टक्के जुळलं असतं. योगायोग वजा करून निघणारा जुळणीचा आकडा, म्हणजे कापा (पूर्ण जुळणी असेल तर १), जेमतेम ०.५२ येतो. तो प्रश्न अजून कच्चा आहे.

## टप्पा ७: परवानगी वेगळी, संमती वेगळी

सरपंचांचं पत्र म्हणजे गावात फिरायची परवानगी. आजींच्या वतीनं सरपंच संमती देऊ शकत नाहीत आणि नवराही नाही. संशोधन असेल तर संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता आधी घ्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं त्यासाठी आहेत. संमतीपत्र वाचून दाखवा. अंगठा असेल तर सर्वेक्षण चमूबाहेरचा साक्षीदार हवा. "योजनेत नाव लागेल का?" हा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो. उत्तर स्पष्ट द्या: लागणार नाही, आणि नकार दिला तर रेशन किंवा दवाखाना बंद होणार नाही. मोघम बोललात की लोक आजार वाढवून सांगतात.

## टप्पा ८: मुलाखत

ओसरीवर बसलात की पाच मिनिटांत दहा माणसं जमतात. सर्वेक्षकासोबत एक सोबती पाठवा. एक जण निवडलेल्या व्यक्तीशी बोलेल, दुसरा सासूबाईंशी आणि पोरांशी गप्पा मारत त्यांना बाजूला ठेवेल. बाईला बाईनंच विचारायचं. गावच्या आशाताईंना मुलाखतीला बसवू नका, नकाशासाठी त्या हव्यात, पण "आशा घरी येते का?" हा प्रश्न त्यांच्यासमोर विचारून खरं उत्तर कसं येईल?

प्रश्न शब्दशः वाचा. उत्तर ऐकून "अरेरे" नाही आणि "छान" नाही. थांबलं तर मनात पाच मोजा, मग "आणखी काही?" एवढंच. "म्हणजे ताप नव्हता ना?" असा प्रश्न विचारलेला सापडला तर त्या सर्वेक्षकाला पुन्हा प्रशिक्षणाला बसवा.

दुसऱ्याच्या वतीनं दिलेलं उत्तर वेगळ्या खुणेनं नोंदवा. घरच्या पुरुषाला बायकोचं अंगावरचं दुखणं, सुनेचं पांढरं जाणं माहीत नसतं, आणि असलं तरी तो सांगत नाही.

इशारा: पीएचक्यू-९ सारखी मनःस्थितीची प्रश्नावली वापरत असाल (मागचे दोन आठवडे, नऊ प्रश्न, एकूण ० ते २७) तर तपासलेली मराठी आवृत्तीच घ्या. नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दल आहे. त्याला "हो" आलं तर पुढे काय करायचं हे पहिल्या दिवसाआधी लिहून ठेवा: प्रश्नावली बाजूला, माणसाला एकटं सोडायचं नाही, पर्यवेक्षकाला लगेच फोन, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक, आणि कोणत्या दवाखान्यात न्यायचं ते. एवढी सोय नसेल तर तो भाग विचारूच नका.

## टप्पा ९: रक्तदाब

आलेल्याला चहा हा इकडचा रिवाज, आणि चहा, बिडी, तंबाखूनंतर ३० मिनिटं मोजमाप चालत नाही. म्हणून चहा नाकारू नका, "मोजून झाल्यावर घेऊ" म्हणा. मोजमाप नाजूक प्रश्नांच्या आधी ठेवा, कारण रडून झाल्यावरचा दाब खरा नसतो.

पाच मिनिटं शांत बसवा. बाजेवर पाठीला टेका मिळत नाही. प्लास्टिकची खुर्ची घ्या. पाय जमिनीवर, मांडी घातलेली नको. दंड हृदयाच्या उंचीवर, बाही वर, बोलणं बंद. तीन वेळा मोजा, मध्ये तीन मिनिटं. पहिला आकडा सोडून दुसऱ्या-तिसऱ्याची सरासरी घ्या. नेहमीचा पट्टा २२ ते ३२ सेंमी दंडासाठी असतो. मजुरी करणाऱ्या बारीक बायकांचा दंड त्याहून कमी भरला तर दाब खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो, म्हणून लहान पट्टा सोबत ठेवा. १८०/११० किंवा वर आलं तर त्याच दिवशी दवाखान्याची चिठ्ठी द्या आणि गेले का ते विचारा.

## टप्पा १०: त्याच रात्री तपासा

मोबाइलवर उत्तरं भरायची कोबो टूलबॉक्स किंवा ओडीके ही साधनं वापरत असाल तर वेळ आणि ठिकाण आपोआप नोंदतं. ते बघायचे कष्ट मात्र घ्यावे लागतात.

- ४० मिनिटांची मुलाखत १२ मिनिटांत झाली आहे का?
- एकाच सर्वेक्षकाकडे "नाही" जास्त आहेत का? पहिल्या उत्तराला "नाही" म्हटलं की पुढचे सात प्रश्न टळतात, हे त्यांना तिसऱ्या दिवशी कळतं.
- डिजिटल यंत्राच्या आकड्यांत शेवटचा अंक शून्य साधारण दहात एकदा यावा. निम्मे आकडे १२०, १३०, १४० असतील तर यंत्र पिशवीतच होतं.
- वयं ४०, ४५, ५० वर साचली आहेत का? पाचात एक एवढंच प्रमाण ० आणि ५ वर संपणाऱ्या वयांचं असावं.
- "माहीत नाही", "सांगायचं नाही" आणि "लागू नाही" यांना वेगवेगळे संकेतांक आहेत ना? वयासाठी ९९ हा संकेतांक ठेवू नका. ९९ वर्षांच्या आजी खरोखर असतात.

पर्यवेक्षकानं दर दहा घरांतलं एक घर स्वतः परत गाठावं आणि चार-पाच न बदलणारे प्रश्न पुन्हा विचारावेत.

## टप्पा ११: हिशेब

घरातून एकच माणूस निवडला, म्हणजे सहा प्रौढांच्या घरातल्या सुनेची संधी सहात एक, आणि एकट्या राहणाऱ्या आजींची पूर्ण. मुलं पुण्याला गेलेली आणि म्हातारे मागे राहिलेले, अशी घरं इकडे गावोगाव आहेत. त्यामुळे प्रत्येक उत्तराला घरातल्या प्रौढांच्या संख्येइतकं वजन दिलं नाही तर तालुका आहे त्यापेक्षा म्हातारा आणि आजारी दिसेल. त्रुटीची मर्यादा काढताना कोणतं उत्तर कोणत्या गावचं, हे सॉफ्टवेअरला सांगा, नाहीतर मर्यादा खोटी बारीक येते.

अहवालात किती घरं निवडली, किती भेटली, किती नकार, किती ऊसतोडीला गेलेली, हे पहिल्याच पानावर द्या. नावं आणि उत्तरं दोन वेगळ्या फायलींत, नावांची फाईल एकाच माणसाकडे. गावसभेत आकडे वाचून दाखवताना २२ घरांच्या जोरावर त्या एका गावाची टक्केवारी सांगू नका; तो नमुना तालुक्याचा आहे.